मोडीत निघालेलं जहाज

निजामाच्या मुलखातल्या आमच्या मुधोळकडे समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. माझे मालक मात्र लढाईच्या काळात आरमारात भरती झाले होते आणि एका जहाजाच्या बॉयलरवर काम करत होते. ते घरी आले तेव्हा निजामाच्या राजवटीची अखेर चालू होती. गावोगाव रझाकारांचे बंदूकवाले हिंडत. हद्दीपलीकडं जाऊन आलेल्या तरण्या माणसावर बंडखोर म्हणून सगळ्यांची नजर असे.

अशात मुंबईच्या एका सोबत्याचा निरोप आला. त्यांचं जहाज मोडीत काढणार होते. जुने खलाशी मिळून आरमाराच्या साहेबांना भेटणार होते. जहाज बंदरातच उभं ठेवा, लोकांना पाहू द्या, मेलेल्यांची नावं त्यावर लावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"लोखंडासाठी काऊन जीव धोक्यात घालता?" मी विचारलं.

ते कडबा बांधून राह्यले होते. मान वर न करता म्हणाले, "बॉम्ब पडला तवा खालच्या खोलीत पाणी शिरलं. दार बंद करावं लागलं, नाहीतर सगळेच बुडलो असतो. आत आमचे सोबती होते. मागून त्यांची मढी समुद्रातच सोडली. त्यांच्या घरच्यांनी आता कुठं जावं?"

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी भाकरी बांधून दिल्या.

ते गेले आणि हद्दीवर गाडी अडवून माणसं उतरवल्याची बातमी आली. पत्र नाही, निरोप नाही. कडी वाजली की सासूबाई देवघरात जाऊन बसत आणि मला पुढं धाडत. एकदा ठाण्याचा शिपाई आला. "तुम्हारा आदमी किधर है?"

"मंचेरियलला. कोळशाच्या खाणीत काम मिळालं," मी हद्दीतल्याच गावाचं नाव सांगून टाकलं. तो गेला, पण त्यानं चौकशी केली तर काय, ही धास्ती लागून राहिली.

एका सकाळी ते दारात उभे. रेल्वे टाळून वऱ्हाडातून हद्दीवरची पैनगंगा उतरून पायी आले होते. पाय सुजले होते. मी ऊन पाणी दिलं तेव्हा बोलले.

"कोकणातून त्या बुडालेल्यांतल्या एका पोराची माय आली होती. लेक कुठं झोपत होता ते दाखवा म्हणे. तिला आमी खाली नेलं. निजायची झोळी टांगायच्या आकड्याला हात लावून लई वेळ उभी राहिली. साहेबानंही टोपी काढली."

"मग ठेवतील का जहाज?"

"बघू म्हणाले."

जहाज काही वाचलं नाही. खर्च झेपत नाही, असं उत्तर आलं. नांगर तेवढा बंदराच्या आवारात ठेवला आणि चौथऱ्यावर नावं कोरली. राजवट गेल्यावर त्यांनी मला तिथं नेलं. एकेका नावावरून बोट फिरवत ते वाचत होते. एकाचं आडनाव चुकलं होतं. ते सांगायला लगेच कचेरीकडं गेले, आणि कचेरीतले लोक त्यांचं ऐकतील का, या काळजीत मी तिथंच उभी राहिले.