आतोबांचा पुकारा

आमच्या आतोबांइतका मोठा आवाज अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसावा. पारनेर तालुक्यात तर नाहीच. असता तर ते दोन आवाज कधीतरी एकमेकांवर आदळून वीज कडाडली असती आणि ते आम्हाला कळलं असतं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, पण आता सगळा तालुकाच त्यांना आतोबा म्हणतो. मी नगरला शाळेत शिकवते (पाटीवर आता अहिल्यानगर झालंय, तोंडात अजून नगरच). तिथे सहकाऱ्यांना मी सांगते, की हिवरेबाजार आणि राळेगणसिद्धी ही नावाजलेली गावं आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर आहेत. ते नकाशा काढून हसतात. पण मी आतोबांच्या हाकेबद्दल बोलत असते. आमच्या फाट्यावर एसटी थांबत नसे, तेव्हा आतोबा घराच्या ओट्यावरून "थांबऽऽ" म्हणत. मग ती एसटी थांबेच, शिवाय समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर थांबे, दूधवाला थांबे, आणि एकदा तर बँडसकट वरात थांबली होती. माझ्या धाकट्या भावाच्या बारशाचं नाव आत्याने कोणालाही कळू दिलं नव्हतं, फक्त आदल्या दिवशी आतोबांना सांगितलं. त्यांनी "छान हाय की!" म्हणून ते एकदा उच्चारून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाहुण्या बायका झबल्यांवर तेच नाव भरतकाम करून घेऊन आल्या.

हा आवाज देवाने दिला आणि सरकारने वापरला. आतोबा तालुक्याच्या कोर्टात शिपाई होते आणि पुकारा करायचं काम त्यांच्याकडे होतं. खटल्याची पाळी आली, की कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकाराच्या नावाने तीनदा "हाजिर होऽऽ" म्हणायचं. दुसऱ्या शिपायाने पुकारा केला, तर समोरच्या बाकावरचा माणूसही "मला म्हणाले का?" असं शेजाऱ्याला विचारी. आतोबांनी केला, की चौकातल्या हॉटेलात बसलेला आरोपी हातातलं भजं टाकून धावत येई. एकदा एकाच नावाचे तिघे हजर झाले. त्यातला एक नुसता बाजाराला आलेला, कोर्टाशी ना घेणं ना देणं, पण तोही हात जोडून न्यायाधीशांना म्हणाला, "साहेब, चुकलं." काय चुकलं ते त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. न्यायाधीश बदलून गेले, वकिलांचे केस पांढरे झाले, आतोबा दारातच राहिले. आणि तिथे उभं राहून त्यांनी न्यायाची स्वतःची एक व्याख्या तयार केली. "निकाल काय, कसाबी लागतो," ते मला म्हणायचे. "पन नाव पुकारल्यावर मानूस समोर आला पायजे. सावकार आसू दे न्हाईतर मजूर, त्यानं उंबऱ्याशी यिऊन 'हाय जी' म्हनलं पायजे. त्येला कोर्ट म्हंत्यात पोरी. बाकी समदं टायपिंग."

निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, पत्ते खेळतात, सुनांना सल्ले देतात. आतोबांनी जे जे गैरहजर असेल त्याचा पुकारा सुरू केला. लाईट गेली, की ओट्यावरून "लाईटऽऽ हाजिर हो!" नळ आला नाही, की पाण्याचा पुकारा. मृग कोरडा गेला त्या वर्षी ते चक्क आभाळाकडे तोंड करून वरुणराजाला हाक मारत होते आणि शेजारच्या शकीलाचाची आपल्या शेळ्यांना समजावत होत्या, "अगं, तुला न्हाई बोलवत ते." या सगळ्यात आत्याचं काय होत असेल, असं मला वाटे. आत्या बोलते ती इतकं हळू, की तिचं वाक्य संपलं हे तिच्या ओठांवरून ओळखावं लागतं. आतोबांच्या आवाजाच्या सावलीत ती इतकी वर्षं सुखाने राहिली. मोठ्या झाडाखाली तुळस राहते तशी.

आमच्या गावामागे एक डोंगर आहे. एके काळी तो पार बोडका होता. गावाने चर खणले, झाडं लावली, आणि करंज, कडुनिंब, सीताफळ असं बरंच काही तिथे तगलं. एका पर्यावरणदिनी आमच्या भागातल्या पुढाऱ्यांनी, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात, त्या डोंगराच्या पायथ्याशी मोठा कार्यक्रम केला. हवामान बदलतंय, उन्हाळा वाढतोय, सरकारने आराखडा केलाय, तेव्हा आपण सर्वांनी शपथ घेऊ, असं म्हणून भाऊसाहेबांनी हात पुढे केला. डोंगर राखीन, झाड तोडणार नाही, तोडू देणार नाही, कचरा जाळणार नाही, अशी ती शपथ होती. बाकीच्यांनी हात पुढे केला, फोटो झाला, हात खाली आला. आतोबांचा मात्र खाली आला नाही. ज्या माणसाने जन्मभर लोकांना शपथेवर बोलताना पाहिलं, त्याला शपथ ही फोटोपुरती असते हे कोण सांगणार? त्या दिवसापासून त्यांनी पालापाचोळा जाळणं बंद केलं आणि दुसऱ्या कोणी जाळला तर तिथे जाऊन त्याच्या नावाचा पुकारा केला. घरात सूर्यचूल आणली. तिच्यात सकाळी लावलेली डाळ चहाच्या वेळेला शिजे, आणि आतोबा ती चहाच्या वेळेला, शपथ आठवत, खात. माझ्या घरी आले, की मी बसलेली असतानाच डोक्यावरचा पंखा बंद करीत. जगातल्या एका बड्या देशाने हवामानाच्या करारातून अंग काढून घेतल्याची बातमी त्यांनी पेपरात वाचली, तेव्हा ते ओट्यावर उभे राहिले आणि त्या देशाच्या नावाने तीनदा पुकारा केला. अर्थातच कोणी आलं नाही. "गैरहजर!" आतोबांनी जाहीर केलं. "सुपारी फुटल्यावर पाटावरून उठतंय व्हय कोनी? घ्या, एकतर्फी निकाल घ्या!" चौकातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. आतोबांनी त्यांनाही दम दिला. कोर्टात टाळ्या चालत नाहीत.

आणि मग आमच्याच डोंगरावर दगडाची खाण आणि खडीचं क्रशर येणार, असं ऐकू आलं. त्यामागे भाऊसाहेब होते. आता त्यांच्या भाषणात हवामान नव्हतं, विकास होता. कायद्याप्रमाणे आधी जनसुनावणी व्हायला हवी होती. म्हणजे जिल्ह्याहून अधिकारी येणार, गावाने आपलं म्हणणं मांडायचं आणि ते लिहून घेतलं जाणार. ती शाळेच्या पटांगणात, भर उन्हाळ्यात, दुपारी ठेवली. मी मुद्दाम रजा काढून गेले. मांडवाचं कापड तापून असं झालं होतं, की त्यावर भाकरी टाकावी. पहिल्यांदा भाऊसाहेबांची माणसं माईकवर बोलली. रोजगार, रस्ता, प्रगती, सगळं खणखणीत ऐकू आलं. मग गावाची पाळी आली, शकीलाचाची माईकपाशी गेल्या, आणि माईक बंद पडला. "लाईट गेली," एकजण म्हणाला. व्यासपीठावरचा पंखा मात्र फिरत होता. अधिकारी तरुण होते, वाईट नव्हते, घामाने भिजले होते. ते म्हणाले, "बाई, इथपर्यंत ऐकू येत नाही. नोंद कशी करणार? लेखी देता का?" चाचींना लिहिता येत नव्हतं. त्या मागे वळल्या.

तेवढ्यात आतोबा उठले. चाचींच्या शेजारी जाऊन उभे राहिले, पाठ ताठ केली, कोर्टाच्या दारात करत तशी, आणि म्हणाले, "चाची, तुमी माझ्या कानात बोला." चाची बोलल्या. आणि आतोबांनी पुढे सांगितलं, "साक्षीदार म्हणतात, डोंगर गेला तर शेळ्या चारू कुठं? आन् तुमच्या क्रशरची धूळ दुधात पडली, तर ते दूध भाऊसाहेबांच्या घरी पाठवू का?" व्यासपीठावरचे कागद हलले. तो पंख्याचा वारा असेलही. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. मग रांगच लागली. अडचण इतकीच होती, की आतोबांना कानात पडलेलं सगळंच्या सगळं सांगायची सवय. रंगूआजी म्हणाल्या ते असं जाहीर झालं: "साक्षीदार म्हणतात, माझ्या विहिरीला त्या डोंगराचं पाणी हाय, सुरुंग लावले तर झरे आटतील, अगं माझी चप्पल कुठं गेली, ती पिवळीवाली बाई घालून बसलीय बघ!" मांडव हसला, पिवळं लुगडं नेसलेल्या बाईने मुकाट्याने चप्पल परत केली, आणि अधिकाऱ्यांच्या लेखनिकाने, मला वाटतं, तीही नोंद केली.

शेवटी जी बाई उठली ती आमची आत्या होती. आतोबांनाही ते अनपेक्षित असावं. तिने पदर सावरला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"साक्षीदार म्हणतात," आतोबांनी सुरुवात केली, "मागल्या चैत्रात आमी बाया कांदे काढत हुतो. लई ऊन हुतं. मला चक्कर आली आन् मी वाफ्यातच पडले." इथे ते थांबले. आत्या कानात पुढे बोलत होती, तसे ते पुन्हा सांगू लागले. "बायांनी उचलून डोंगराच्या पायथ्याच्या करंजाखाली नेलं. तिथं गार हुतं. तासाभरानं डोळं उघडलं. ती झाडं नसती तर..." आणि मग मी जन्मात पहिल्यांदा आतोबांचा आवाज अर्ध्या वाटेत हरवलेला ऐकला. मांडव गप्प झाला.

"पुढे?" अधिकाऱ्यांनी हळूच विचारलं.

"पुढं म्हनती," आतोबा म्हणाले, "ह्यांना सांगितलं न्हाई." आणि मग भरल्या सभेत आत्याकडे वळून, "का गं? का न्हाई सांगितलंस?"

आत्याचं उत्तर त्या शांततेत आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "तुमाला सांगितलं आस्तं तर तालुक्याला कळलं आस्तं की."

असं हसू फुटलं, की अधिकाऱ्यांनाही चष्मा पुसावा लागला. आतोबा हसले नाहीत. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, जरा जास्त वेळ पुसलं, आणि म्हणाले, "साहेब, एक पुकारा ऱ्हाईलाय. परवानगी आसावी." परवानगी मिळाली की नाही हे कोणाला आठवत नाही. ते मांडवाच्या तोंडाशी गेले. रस्त्यावर भाऊसाहेबांची काचा चढवलेली गाडी आत गार हवा खेळवत उभी होती. सुनावणी कानावर पडावी पण अंगाला लागू नये, अशा बेताने. आतोबांनी पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आणि "हाजिर होऽऽ" म्हणाले. पहिल्या पुकाऱ्याला शाळेच्या छपरावरची कबुतरं उडाली. दुसऱ्याला गाडीची काच खाली आली. तिसऱ्याला भाऊसाहेब स्वतः उतरून आले. बहुतेक लाजेने, पण आतोबांचं म्हणणं आहे, की तिसऱ्या पुकाऱ्याला माणूस येतोच.

"भाऊसाहेब, डोंगराची शपथ घेतली हुती का न्हाई?"

"घेतली होती की," भाऊसाहेब घाम पुसत म्हणाले. "पण आतोबा, तेव्हाची परिस्थिती वेगळी होती. आता परिस्थिती बदलली."

"व्हय," आतोबा म्हणाले. "ऊन वाढलंय."

हेही लिहिलं गेलं. एवढं सगळं कागदावर आल्यावर तो प्रस्ताव जो वर गेला, तो वरच राहिला. डोंगर आहे तिथे आहे. भाऊसाहेब आत्याच्या तब्येतीची चौकशी करायला घरी येऊन गेले, आणि सूर्यचुलीतली डाळ खायची वेळ होईपर्यंत आतोबांनी त्यांना उठू दिलं नाही. त्या दुपारनंतर आतोबांचा घसा मात्र पार बसला. डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलं, आणि गावाचं वेळापत्रकच कोलमडलं. पहाटे जागं करणारी हाक नसल्याने डेअरीत दूध उशिरा जाऊ लागलं, एसटी फाट्यावरून सरळ पुढे जाऊ लागली. लोक ओट्याशी येऊन "बरं हाय ना?" असं विचारू लागले, तब्येतीपेक्षा त्यांना शांततेचीच काळजी होती. आत्या मात्र रोज कांद्याच्या शेतावरून आली, की दिवसभर काय काय झालं ते त्यांना बसून सांगायची. सगळं सांगायची. आवाज परत आला तरी ते सांगणं थांबलं नाही.

मागच्या महिन्यात मी गेले होते. पेपरात होतं, की अशा छोट्या खाणींना यापुढे सुनावणी लागू नये, असा विचार चालू आहे म्हणे. आतोबांनी ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "तू शिकिवतीस ना नागरिकशास्त्र? मग सांग, सुनावनीच न्हाई ठिवली तर मानसानं बोलायचं कुठं?"

"निवडणुकीत," मी पुस्तकातलं उत्तर दिलं.

"तवर डोंगर थांबंल का?" ते म्हणाले आणि चपला घालू लागले.

संध्याकाळी आम्ही डोंगरावर गेलो. ते मध्ये मध्ये थांबत होते, झाड दाखवण्याच्या निमित्ताने. वर पोहोचल्यावर पलीकडच्या शिवारातला डोंगर दिसला. त्याची अर्धी कूस कापलेली होती आणि त्यावर पांढरी धूळ धुक्यासारखी बसली होती. आतोबांनी कपाळावर हात धरून तिकडे पाहिलं. मला वाटलं, आता पुकारा करतील, आणि मी कानांवर हात ठेवायची तयारीही केली.

"तिथं कोनी बोललं न्हाई व्हय?" त्यांनी विचारलं.

"तिथे कोणी विचारलंच नाही," मी म्हटलं.

आतोबा परतीच्या वाटेला वळले. खाली गावात दिवे लागत होते. उतरणीला लागताना त्यांनी पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या आवाजाच्या मानाने तो हात फारच हलका होता.