दौलतच्या बागेतली दोनशे कलमं

१९६७ सालच्या हिवाळ्यात, संत्र्याच्या आंबिया बहाराची फळं तुटून गेल्यावर, मी अकोल्याच्या सरकारी फार्मवर माळी म्हणून लागलो. राहायला एक खोली, भोवती संत्र्याची झाडं. अशा जागी किस्से साचत जातात. ऐकायला कोणी नसतं ना!

शेंदूरजनाघाटच्या दौलतला, माझ्या दोस्ताला, मी दोनशे कलमं बांधून दिली होती. सात वर्षांनी सगळी शेंड्यापासून वाळली. "तूच रोगी डोळे भरले," म्हणाला, आणि बोलणं टाकलं. डोळा म्हणजे फांदीवरचा अंकुर; तो दुसऱ्या रोपाच्या सालीत भरला की कलम होतं. माझा डोळा रोगी? फार्मवर झाडांचे रोग तपासत, म्हणून ते खोटं पाडायला मी ही नोकरी धरली.

*

फार्मवरचे साहेब पुण्याचे. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "सायेब, काय पाहून राहिले?"

"एवढं ओरडता कशाला?"

"ओरडून नाही राहिलो, बोलून राहिलो!"

*

एकदा त्यांनी परदेशी मासिकातला फोटो दाखवला. झाडाच्या पेशीत पातळ पडदे असतात. व्हायरस ते पडदे वाकवून आपल्यापुरती खोली करतो आणि आत पिल्लावळ वाढवतो.

"त्याचं सोताचं सामान?"

"काही नाही. सगळं झाडाचं."

"मंग घरजवाईच म्हना ना!"

साहेब हसले नाहीत. ते सासऱ्याच्या बंगल्यात राहतात, हे मला मागाहून कळलं.

*

दिवाळीला दौलतला कार्ड टाकलं. उत्तर आलं: "कार्ड टाकू नको. पोस्टमनच्या हाताले रोग लागंल!"

वर्षभरात आलेलं तेवढं एकच पत्र.

*

रोग ओळखायची साहेबांची रीत साधी. डोळा कागदी लिंबाच्या रोपावर भरायचा. झाडात रोग लपला असेल तर लिंबाच्या कोवळ्या पानाच्या शिरा उजेडात काचेसारख्या दिसतात.

मी घरच्या झाडाचे डोळे आणले. दौलतची कलमं त्याच झाडाची. जे झाड सर्वांत जास्त लगडतं त्याचेच डोळे घ्यायचे, ही आमची रीत.

दोन महिन्यांनी साहेबांनी पान उन्हात धरलं. शिरा काचेसारख्या!

"मरायला टेकलेलं झाड कधी कधी असंच लगडतं," साहेब म्हणाले.

ते झाड मीच तोडलं. पुढच्या हिवाळ्यात फार्मवरच्या तपासलेल्या झाडाचे डोळे साहेबांकडून मागून घेतले आणि रजा टाकली. दौलतनं बागेत कलमाच्या खुंटासाठी जंबेरीची, म्हणजे रानलिंबाची, नवी रोपं लावली होती. मी न विचारता आत शिरलो. चार दिवस डोळे भरले. तो बागेच्या धुऱ्यावर, बांधावर बसून पाहत होता. हाकललं नाही.

शेवटच्या रोपाशी आला.

"हे चांगले हायेत?"

"सायेबानं तपासले."

"अन् पयले?"

"रोगी होते."

"हे सांगाले इतके वर्स लागले बे तुले?"

दोनशे पुरे झाले होते. मी चाकू पुसला आणि एसटीला गेलो.