पंटरचा उजवा बूट

कातड्याच्या कामात मला कुणी शहाणपण शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. कोल्हापुरात दुधाचे दात पडायच्या वयात माझ्या हातात कातडं कापायची रापी आली होती. त्यामुळे आखाती युद्धाच्या त्या हिवाळ्यात, रियाधच्या अल मलाझमध्ये मी ज्या कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाच्या, दुकानात बूट दुरुस्त करायचो तिथे एक दांडगा अमेरिकन शिपाई आला आणि बूट पुढे करून "जपून कर" म्हणाला, तेव्हा मी वर पाहिलंसुद्धा नाही.

त्याचं इंग्रजी मला शेजारच्या चहावाल्याने, रत्नागिरीच्या भाईने, समजावून सांगितलं. शिपाई होण्याआधी हा गडी त्यांच्या फुटबॉलमध्ये पंटर होता. आपल्या संघाचं घोडं पुढे सरकेनासं झालं की मैदानात यायचं, हातातला चेंडू सोडून लाथेने उंच आणि लांब उडवायचा, आणि परत बाकावर जाऊन बसायचं. पाच वर्षं हीच नोकरी, तीन संघ, दोनदा फोनवरूनच नारळ. लाथ चुकली तरच लोकांना त्याची आठवण यायची. हे ऐकलं आणि तो मला आपल्यातला वाटला. चपलेचा अंगठा तुटल्याशिवाय आमची तरी कुणाला आठवण होते?

पाचही वर्षं त्याच्या उजव्या पायात हाच बूट होता. आता तळ उसवला होता आणि शुक्रवारी छावणीत सामना होता. तळ मी तासाभरात शिवला. पण बूट त्याच्या पायाला चांगला दीड नंबर लहान होता. घालून बघताना बिचाऱ्याची बोटं दुमडलेली मी पाहिली होती. कुणी सांगितलं नसताना मी कातडं ओलं करून बूट दोन दिवस लाकडी फर्म्यावर ताणला. तोही फुकटात!

गुरुवारी त्याने बूट घातला, दोन पावलं टाकली आणि त्याचा चेहरा पडला.

"काय केलंस रे हे?" त्याचं बोलणं ऐकून भाई माझ्यावर ओरडला. "लाथ नीट बसावी म्हणून मुद्दाम लहान घालतात हे लोक. त्याला तंगच हवा होता तो!"

"बोटं दुमडल्याली बघवंनात मला," मी म्हणालो.

शिपाई रागावला नाही. "जुनाच होता," म्हणाला आणि बूट काखेत मारून निघाला. त्याने शिवी दिली असती तर परवडलं असतं. नवी चप्पल चावायलाच हवी, नंतर ती सैल होते, हे गिऱ्हाइकांना रोज सांगणारा मी! मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत जाऊन मी त्याचा हात धरला आणि त्याला आणून स्टुलावर बसवलं.

टाके उसवले. कागदाच्या पट्टीने उघड्या पायाचं माप घेतलं, वरच्या कातड्याची कड कापली आणि हाताने शिवायला बसलो. घालून बघ, काढ, पुन्हा उसव. तिसऱ्या खेपेला इराकी क्षेपणास्त्राच्या हल्ल्याचा भोंगा वाजला. भाईने शटर ओढलं, शिपायाने विषारी वायूचा मास्क चढवला. माझ्याकडे कुठला मास्क? मी तोंडाला ओला टॉवेल गुंडाळला, पण हातातली आरी खाली ठेवली नाही. शिपाई हातवारे करून थांब म्हणत होता.

"गप बस," मी मराठीतच दम दिला. तो बसला.

चौथ्या खेपेला बूट पायात गेला तेव्हा तो कळवळला आणि मग हसला.

शनिवारी सकाळी तो पुन्हा आला. सामना हरले होते. पण त्याने सहा वेळा चेंडू उडवला होता, आणि एक तर इथून पार मशिदीपलीकडे जाईल एवढा लांब, असं त्याने हात करून दाखवलं. मी बूट उलटा करून पाहिला. एकही टाका हलला नव्हता. छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू?

मग त्याने खिशातून पेन काढलं. बुटाच्या आत तुझं नाव लिही, म्हणाला. मला आधी समजेचना. गावाकडे आम्ही शिवलेल्या चपलांवर शिक्का असायचा तो दुकानदाराचा. चार पिढ्यांत आमच्या घरात कुणाला कुणी नाव विचारलं नव्हतं.

पेन घेतलं आणि लिहिलं. आधी बापाचं, आणि त्याच्याखाली माझं.