राणीचं माप

अक्का, त्या सकाळी फाट्यावर सांगोल्याची एसटी आली, तेव्हा राणीनं माझ्या पदराचं टोक धरलं होतं. सात वर्षांची पोर. "बाजारला जाऊन येते," म्हणाले आणि पदर सोडवून घेतला. धाकटी सोनी तुमच्या कडेवर होती. माझी पिशवी बाजाराच्या मानानं फार फुगली होती. थोरली जाऊ तुम्ही, तुम्हाला कळलं होतं. तरी बोलला नाहीत. पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होते, की अक्कांनी अडवलं असतं तर थांबले असते. खोटं आहे ते.

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात लागले. इथं नवी ओळख झाली की बायका आधी विचारतात, मारत होता का? नाही म्हटलं की त्यांची पंचाईत होते. पीतही नव्हता. तुमच्या दिरानं फक्त माझी शिलाई मशीन विकून दोन मेंढ्या आणल्या, मला न विचारता. जाब विचारला तर हसून म्हणाला, "मशीन काय पिल्लं देतंय व्हय?" माहेरी आईचंही तेच. "मारत न्हाय, उपाशी ठेवत न्हाय. मग नांदाय काय झालंय तुला?" मशीनपायी नवरा सोडला म्हणून गावभर टिंगल झाली. होऊ दे. मशीन गेली त्या दिवशी कळलं, की त्या घरात माझं म्हणावं असं काहीच नाही.

नवऱ्याला सोडल्याचं मला वाईट वाटत नाही. पोरींना सोडल्याचं वाटतं, रोज वाटतं. दोन्ही त्या एकाच एसटीत बसून झालं. कामावर गेल्यावर पोरींना कुणाच्या भरवशावर ठेवणार, हे कारण खरं आहे. पण ते मला गाडी सुटल्यावर सुचलं.

हाताखालून दिवसाला ढीगभर फ्रॉक जातात. पोरीचं वय सांगा, मी माप सांगते. यंदा शाळा उघडताना राणीसाठी स्वतः कापड बेतून फ्रॉक शिवला आणि सांगोल्याच्या गाडीनं पाठवला. तुमचा फोन आला, "अगं, ही लई वाढलीय. सोनीला आला बघ तो." तीन वर्षं झाली होती. दहा वर्षांच्या पोरीचा फ्रॉक मी फाट्यावरच्या पोरीच्या अंगानं कापला होता. कारखान्यात एवढी चूक कुणी केली तर मी झापते.

मग तुम्ही फोन बाजूला ठेवून टेप लावली. छाती, कंबर, उंची, एकेक आकडा ओरडून सांगत होतात. मी लिहून घेत होते. तेवढ्यात राणीचा आवाज आला, "आई, झालं का? हात दुखाय लागले की."

ती तुम्हाला म्हणाली. मला लगेच कळलं. तुम्ही एकदम गप्प झालात, जसं काही चोरी पकडली गेली.

अक्का, चोरी तुमची नव्हे. इथं माझी एक खोली आहे, तिची किल्ली माझ्याकडं आहे, पुन्हा घेतलेली मशीन आहे. हे मला हवं होतं आणि मिळालं. राणीचं घर तुम्ही आहात. ती तशी हाक मारेल तेव्हा मी फोनवर असले तरी गप्प बसू नका. ओ देत जा.