मधलं मॉडेल, लॉकरसह

लग्नात सासूबाईंनी मांडवभर सांगितलं होतं, "सून मेकॅनिकल इंजिनियर आहे." पुढची दहा वर्षं मी हिंजवडीत बसून कुठल्याशा परदेशी बँकेचं सॉफ्टवेअर दुरुस्त करत होते, आणि घरचा मिक्सर बंद पडला की सासूबाई कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला फोन करत. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. त्या दिवसांत पुण्यात यंत्रांचं शिकलेले निम्मे लोक कीबोर्डच बडवत होते. पण मला राग यायचा, आणि मिक्सर परत आला की जास्तच यायचा.

आईंची, म्हणजे सासूबाईंची, थोरली बहीण मुळशीकडच्या एका डोंगरावर वाडीत राहायची. सदाशिव पेठेत वाढलेली मुलगी तिकडे दिली आणि पन्नास वर्षांत तिच्या बोलण्यात गावाचं 'हाय' मुरलं. खुब्याचं हाड मोडल्यापासून मावशींना खाली उतरता येईना, आणि गुडघ्यांमुळे आईंना वर चढवेना. डांबरी रस्ता पायथ्याशीच संपायचा. पुढे ट्रॅक्टर जायचा, पण ट्रॉलीत बसून जाण्याची गोष्ट निघाली तेव्हा आई म्हणाल्या, "मी काय कांद्याचं पोतं आहे?" मग उरला नुसता फोन. एकदा मावशी फोनवर म्हणाल्या, "आता आपली गाठ खाली काय पडत न्हाई बग. पडंल ती वरच." आईंनी फोन ठेवला. त्या दिवशी आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये भाजीत मीठ पडलं नाही, आणि कुणी तसं बोललंही नाही.

मी ठरवून टाकलं. बढती माझी झाली होती, घरातली नवी गाडी माझ्या पगारातून यायची होती, तर ती वाडीपर्यंत चढणारीच यायला हवी होती.

शोरूममध्ये इंजिनाचा जोर चारही चाकांना देणाऱ्या, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह, अशा एकाच गाडीची तीन मॉडेलं होती: बेस, मधलं आणि टॉप. विकणारा मुलगा माझ्या नवऱ्याशी बोलत होता. "सर, टॉपमध्ये लेदर सीट, मोठा स्क्रीन, अलॉय व्हील्स. आणि मॅडमसाठी इथे आरसा."

मॅडम तोवर गाडीखाली वाकून बघत होत्या. मागच्या दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल नावाची पेटी असते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून ही पेटी दोघांना आपापल्या वेगाने फिरू देते. सपाट रस्त्यावर हे उत्तम. पण खडबडीत चढावर एक चाक हवेत लटकलं की सगळा जोर त्या रिकाम्या चाकातच फुकट जातो, आणि जमिनीवरचं चाक ढिम्म हलत नाही. बेसमध्ये ही साधी पेटी होती. टॉपमध्ये लिमिटेड स्लिप, म्हणजे रिकाम्या चाकाला थोडा आवर घालणारी. चिखलात ती बरी, पण चाक पुरतं उचललं गेलं की तिचंही फारसं चालत नाही. मधल्या मॉडेलला मात्र जादा पैसे भरून लॉकर मिळायचा. दांडी ओढली की दोन्ही मागची चाकं एकमेकांना जखडली जातात.

"हा लॉकर टॉपला का देत नाही?" मी विचारलं.

तो नवऱ्याकडे बघून म्हणाला, "सर, टॉप घेणारा कस्टमर चिखलात जातच नाही."

"मी जाणार आहे," मी म्हणाले. "आणि उत्तरं मला द्या."

घरी मतदान झालं. नवऱ्याचं मत टॉपला. "ऑफिसच्या पार्किंगमध्ये लोखंडी चाकं? लोक काय म्हणतील?" माझं मत मधल्याला. निकाल आईंच्या हाती आला.

"तुझ्या मॉडेलमध्ये जास्तीचं काय आहे?"

"लॉकर आहे, आई."

त्यांचा चेहरा उजळला. "गाडीत लॉकर? मग विचार कसला करताय? प्रवासात दागिन्यांचा केवढा घोर असतो जिवाला!"

समजावून सांगायला मी तोंड उघडलं. मग बहुमत झालंय हे ध्यानात आलं आणि मिटून घेतलं.

पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या आधी आम्ही निघालो. आई माझ्या शेजारी, मांडीवर एक डबी. डबीत त्यांच्या आईची नथ होती. ती थोरलीला द्यायची कधीपासून राहून गेली होती. पायथ्याशी नवरा उतरला आणि वाट दाखवत पुढे चालू लागला. पावसाने चढावर तिरका चर पाडला होता. त्यात शिरलो आणि पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं चाक हवेत गेलं. दोन्ही गरागरा फिरायला लागली आणि गाडी जागच्या जागी.

"फोर व्हील ड्राइव्ह आहे ना?" नवरा वरून ओरडला.

"म्हणून तर पुढचं एक आणि मागचं एक अशी दोन फिरताहेत, नाहीतर एकच फिरलं असतं!"

"तरी मी सांगत होतो, टॉप घेऊ या!"

मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. चाकं थांबली. "आई, आता लॉकर लावते."

"थांब." त्यांनी डबी माझ्यापुढे धरली. "आधी ही ठेव त्यात."

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चाकं, पेटी, दांडी, सगळं त्या चढावर लटकत्या गाडीत सांगितलं. आईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे सत्यनारायणाला उपरण्याला पदराची गाठ मारतात, तसं? एक उठलं की दुसऱ्याला उठावंच लागतं?"

"अगदी तसंच."

"मग तसं सांगायचं की आधीच. मार गाठ."

मी दांडी ओढली. खालून 'टक्' असा आवाज आला. पहिला गिअर, अगदी हळू. मागचं डावं चाक मुरमाला धरून ढकलायला लागलं, गाडी एकदा हिंदकळली आणि चराच्या बाहेर पडून सरळ वर निघाली. मी गाडीत ओरडले. कॉलेजच्या परीक्षेनंतर इतका आनंद मला झाला नव्हता. नवऱ्याला मागे टाकताना आईंनी काच खाली केली. "सावकाश ये हो. टॉप मॉडेलला घाई नसते."

मावशी ओट्यावर बसल्या होत्या. अंगणात गाडी थांबली तरी त्यांना उमगेना. आई माझा हात धरून उतरल्या आणि चार पावलं चालून त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

"तू? आन् हितवर? कशी गं आलीस?"

आईंनी डबी त्यांच्या हातात कोंबली. आईंचे डोळे वाहत होते, पण आवाज खणखणीत पेठेतला होता.

"म्हणाली होतीस ना, आपली गाठ पडेल ती वरच? घे, पडली. आणि मारली कुणी विचार. माझ्या सुनेने. मेकॅनिकल इंजिनियर आहे ती."