न आखलेलं वळण

नेरूळला सोसायटीच्या हॉलमध्ये मी गोधडी शिकायला जायचे. एकदा शेजारच्या मशीनवर पन्नाशीच्या एक बाई आल्या. त्यांची मुलगी सातव्या महिन्यातच लातूरला दवाखान्यात दाखल झाली होती.

"जावई म्हणाले, आत कुणाला सोडत नाहीत. घरी नुसती फोनकडे बघत बसले असते," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी दोन कापडं एकावर एक ठेवून, काही न आखता, हाताला येईल तसं वळण कापायचं होतं. बाई कात्री उघडायच्या आणि पुन्हा मिटायच्या, पदराला तळहात पुसायच्या. मलाही माझं काम सुचेना.

"सरळ कापताना चुकलं तर लगेच कळतं," त्या पुटपुटल्या. "यात शिवून होईपर्यंत काहीच कळत नाही."

शेवटी त्यांनी कापलं. दोन्ही वळणं चिमटीत जुळवत त्या शिवत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला.

"तुम्ही घ्या. माझ्यानं होणार नाही."

जावई बोलत होते. मुलगी झाली होती. फार लहान होती, म्हणून काचेच्या पेटीत ठेवली होती. बाळाची आई शुद्धीवर होती. मी एकेक सांगत गेले, तरी बाईंचं मशीन थांबेना.

"रडली का, विचारा."

मी विचारलं. "रडली म्हणतात."

तेव्हा कुठे त्यांनी पाय उचलला. कापड केव्हाच संपलं होतं, सुई रिकामीच चालत होती.