कोरडी उदबत्ती

मला वास येत नाही हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं. तो इथे परदेशात, आमच्या टूनगॅबी गावाजवळच्या रविवारच्या बाजारात टेबल मांडून उदबत्त्या विकायचा.

एक मोठा ताप येऊन गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. त्यानंतर हिंग, कॉफी, नासलेलं दूध, सगळं मला सारखंच. घरात बोलले नाही. बोलले असते तर सुनेने आधी मला शेगडीपासून उठवलं असतं. आमच्याकडे तेव्हा गॅस होता, आणि वास न येणाऱ्या म्हातारीच्या हातात गॅस कोण देईल? मला गाडी येत नाही, इंग्रजी येत नाही, नातवंडं मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देतात. त्या घरात माझा म्हणावा असा एक स्वयंपाकच होता. तो गेला की मी नुसती कोपऱ्यातल्या खोलीतली बाई. म्हणून मी कानांनी फोडणी करायचे. मोहरी तडतडायची थांबली की जिरं. दुधासमोरून हलायचे नाही. गॅसचं बटण दोनदा हात लावून बघायचे. वर्षभर कोणाला पत्ता लागला नाही.

उदबत्ती रोज लावायचेच. एक तर देवासाठी, आणि दुसरं म्हणजे घरात वास दरवळला की माझं नाक शाबूत आहे असं सगळ्यांना वाटायचं. "आज चंदन लावलंय, छान वास येतोय ना?" असं मी मुद्दाम मोठ्याने म्हणायचे.

उदबत्तीवाला सोलापूरकडचा, पस्तिशीचा. शिकायला म्हणून आला आणि इथलाच झाला. आठवडाभर गोदामात शिफ्टला जायचा. बिनवासाच्या कच्च्या काड्या देशातून मागवायचा, गॅरेजमध्ये अत्तरात बुडवायचा, वाळवायचा आणि रविवारी विकायचा. एकदा त्याने माझ्या नाकाशी काडी धरली.

"मावशी, नवीन मोगरा. कसा आहे?"

"छान आहे की."

तो हसायला लागला. "मावशी, हे चंदन आहे. मोगरा या हातात आहे."

पकडले गेले. मग सगळं सांगितलं, शेगडीचं पण. म्हटलं, कोणाजवळ बोलू नकोस.

"तुमची शप्पथ, मावशी. मी काय पेपरात छापणार आहे? आजपासून नाक माझं, देव तुमचे."

तेव्हापासून तोच निवडून द्यायचा आणि मी घ्यायचे. 

मध्यंतरी सुनेने स्वयंपाकघर नवीन केलं. गॅस काढून इंडक्शन बसवलं. माझी पितळी कढई त्यावर तापेना. तिची भांडी मला जमेनात. "आई, तुम्ही खूप केलंत, आता बसा," असं ती म्हणाली. मला वाटलं, बरी आहे पोरगी, काळजी घेते.

त्याच सुमाराला उदबत्ती हाताला कोरडी लागायला लागली. मी चौथीनंतर शाळा सोडून लग्न होईपर्यंत उदबत्त्या वळल्या आहेत. कच्ची काडी कोरडी असते, अत्तर लावलेलीने बोटं तेलकट होतात, हे मला कोणी शिकवायला नको. त्याला विचारलंसुद्धा. "इथली हवा कोरडी, मावशी," तो म्हणाला. माझ्या बोटांवर विश्वास ठेवायचा सोडून मी त्याच्या तोंडावर ठेवला. एवढी अक्कल तरी मला हवी होती.

मग एका दुपारी भजनातली मैत्रीण घरी आली. मी तिच्यादेखत उदबत्ती लावली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं.

"कसला वास?" ती म्हणाली. "अगं, नुसता धूर आहे. कुठून आणलीस ही?"

सून चहा घेऊन आली होती. तिने कप ठेवला आणि वर बघितलंच नाही. मैत्रीण गेल्यावर मी विचारलं, तेव्हा तिने सांगितलं. उग्र वासाने तिचं डोकं दुखतं. ती एकटी बाजारात गेली होती तेव्हा त्याला सौम्य उदबत्ती द्यायला सांगत होती. तो म्हणाला, मग कच्चीच देतो, मावशींना कुठे वास येतो.

"आणि गॅस?"

"आई, तुमच्या सेफ्टीसाठीच काढला ना."

"मग मी रोज चंदन चंदन म्हणत होते, तेव्हा तू हो हो का म्हणत होतीस?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

सहा महिने मी बिनवासाची काडी लावून वासाचं कौतुक करत होते, आणि घरातलं प्रत्येक माणूस मान डोलावत होतं. मुलगासुद्धा.

रविवारी बाजारात गेले. तो नेहमीसारखा म्हणाला, "या मावशी!"

"शप्पथ कुणाची घेतली होतीस?" मी विचारलं.

त्याच्या लक्षात आलं. "मावशी, सूनबाईंनी विचारलं, तोंडातून निघून गेलं. आणि खरं सांगू का, तुम्हाला कळणार नव्हतं, त्यांचं डोकं दुखायचं थांबणार होतं. कुणाचं नुकसान झालं?"

"माझी शेगडी गेली."

तो टेबलावरचे पुडे सरळ करायला लागला.

"माझी शप्पथ घेतलीस आणि मोडलीस, तरी मी जिवंत आहे. म्हणजे शप्पथ पण तुझ्या काडीसारखीच, कोरडी."

त्याने घाईघाईने एक पुडा उचलला. "हा घ्या, अस्सल मोगरा. पैसे नकोत." आणि सवयीने माझ्या नाकाशी धरला.

"मोगराच आहे कशावरून?" मी विचारलं.

तो खरं बोलला असता तरी मला ते कळायची सोय राहिली नव्हती. पुडा टेबलावर ठेवून मी निघाले.

आता देवापुढे नुसतं निरांजन लावते. पेटलंय की विझलंय ते मला दिसतं, कोणाला विचारावं लागत नाही. बाजारात भाजीला जाते. तो अजून "मावशी" म्हणून हाक मारतो. मी थांबत नाही. पितळी कढई खोलीत कपाटावर ठेवली आहे.